शिकाऊ वैमानिक आणि गाळलेली पायरी

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ मध्ये दाखल झालेल्या या विमानाने बासष्ट वर्षे देशाची सेवा केली. १९७१ च्या युद्धातील त्याची कामगिरी वादातीत आहे आणि निरोपाच्या वेळी तिचा गौरव झाला हे योग्यच झाले. परंतु या विमानाच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो विमानाबरोबर निवृत्त झालेला नाही. नुकतेच उडू लागलेल्या तरुणाच्या हाती अतिवेगवान आणि गुंतागुंतीचे विमान केव्हा द्यावे, आणि त्याआधी त्याला कोणकोणत्या पायऱ्या चढू द्याव्यात, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता तो केवळ तज्ज्ञांचा आहे. वस्तुतः तो सार्वजनिक पैशाचा, शासकीय निर्णयांच्या गतीचा आणि सर्वसामान्य कुटुंबांतील मुलामुलींच्या प्राणांचाही आहे.

मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेली आकडेवारी या संदर्भात आठवावी. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने तोपर्यंत अपघातांत सापडली होती. या अपघातांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले होते. हे आकडे सर्व प्रकारच्या मिग विमानांचे आहेत, सर्व कारणांचे आहेत आणि अनेक दशकांचे आहेत. मृतांपैकी सगळेच शिकाऊ होते असे मुळीच नव्हे. इंजिनातील बिघाड, पक्ष्यांची धडक, सुट्या भागांची टंचाई ही कारणेही त्यांत आहेत. तथापि या कारणांच्या जोडीला आणखी एक कारण वर्षानुवर्षे उभे होते आणि ते पूर्णतः मानवनिर्मित होते. प्रशिक्षणाच्या जिन्यातील एक पायरी गाळलेली होती.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव पुण्यातील एका कुटुंबामुळे झाली. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे वडील अनिल गाडगीळ हे हवाई दलातील निवृत्त विंग कमांडर. वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखवून प्रकरण मिटावे, हे त्यांना आणि मातोश्री कविता गाडगीळ यांना मान्य झाले नाही. मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान स्थापून त्यांनी लोकमत जागृत केले. अभिजित गाडगीळ हे शिकाऊ नव्हते, लढाऊ तुकडीतील वैमानिक होते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु त्यांच्या आईवडिलांनी चालविलेल्या मोहिमेने ज्या अनेक गोष्टींकडे देशाचे लक्ष वेधले, त्यांत प्रशिक्षणातील ही त्रुटी होती. घराघरांतून तोपर्यंत ‘वीरमरण’ एवढ्या एकाच शब्दात गुंडाळल्या जाणाऱ्या मृत्यूंची कारणमीमांसा होऊ लागली.

वेगाचे गणित

ही त्रुटी नेमकी कोणती होती? हवाई दलातील उमेदवार प्रथम पंख्याच्या साध्या विमानावर शिके. त्यानंतर त्याला ‘किरण’ हे भारतीय बनावटीचे, सौम्य प्रकृतीचे जेट विमान दिले जाई. लढाऊ शाखेसाठी निवड झाली की पुढे थेट मिग-२१ येई. ‘किरण’ ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास थांबणारे, तर मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. या दोहोंच्या मध्ये ज्याला प्रगत जेट प्रशिक्षण विमान म्हणतात ते हवे होते, आणि ते नव्हते. मिग-२१ ची दोन आसनी आवृत्ती उपलब्ध होती, हे खरे. परंतु तिच्यात मागे बसलेल्या शिक्षकाला समोरची धावपट्टी नीट दिसावी यासाठी परिदर्शकाची योजना करावी लागली होती. आणि यंत्र दोन आसनी झाल्याने त्याचा वेग काही विद्यार्थ्याच्या आवाक्यात येत नाही.

वेग आवाक्यात येणे म्हणजे काय, हे साध्या अंकगणिताने समजते. नागरी उड्डाणसंस्थांत सर्रास वापरले जाणारे सेस्ना १५२ हे छोटे विमान ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने उतरण्यासाठी येते. धावपट्टीपूर्वीचा शेवटचा एक किलोमीटर पार करायला त्याला जवळजवळ तेहतीस सेकंद लागतात. मिग-२१ ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने उतरते. तोच किलोमीटर ते साडेदहा सेकंदांत संपविते. उंची अधिक झाली आहे काय, वेग घटतो आहे काय, वारा बाजूने ढकलतो आहे काय, हे पाहणे, त्याचा अर्थ लावणे, हात हलविणे आणि हालचालीचा परिणाम पुन्हा पाहणे, हे सारे एकाला तेहतीस सेकंदांत तर दुसऱ्याला साडेदहा सेकंदांत उरकायचे असते. अनुभवी वैमानिकाचे हात विचाराची वाट पाहत नाहीत, म्हणून त्याला साडेदहा सेकंद पुरतात. विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक गोष्ट मनात उच्चारून करावी लागते. शिक्षणाच्या प्रारंभी विद्यार्थ्याला सर्वांत जास्त गरज असते ती चूक करून ती सुधारण्यास लागणाऱ्या वेळाची, आणि वेगवान विमान नेमकी तीच वस्तू त्याच्यापासून हिरावून घेते.

ही गोष्ट शासनाला ठाऊक नव्हती असे म्हणण्यास जागा नाही. १९८२ मध्ये हवाई दलाच्या अपघातांचा विचार करणाऱ्या ला फॉन्टेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली होती. त्यानंतर सरकारे आली आणि गेली. निविदा, चाचण्या, किमतींची घासाघीस आणि फाइलींचा प्रवास चालूच राहिला. ब्रिटिश बनावटीच्या ६६ ‘हॉक’ विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये. आपल्या मराठवाड्याला लागून असलेल्या बिदर येथे ही विमाने हवाई दलात विधिवत् दाखल झाली ती फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारशीपासून कराराला बावीस वर्षे आणि पहिल्या विमानाला सव्वीस वर्षे लागली. शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेला मुलगा पहिले ‘हॉक’ येईपर्यंत स्वतःच वैमानिक होण्याच्या वयाला पोचला होता.

बुडालेला खर्च

एवढा विलंब का झाला, याचे उत्तर केवळ लालफितीत शोधणे पुरेसे नाही. त्यामागे हिशेबाची एक विशिष्ट पद्धत आहे. हॉकचा व्यवहार सुमारे आठ हजार कोटी रुपयांचा असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. हा आकडा अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो आणि डोळ्यांत खुपतो. उलट खरेदी पुढे ढकलल्याने होणारा खर्च कोणत्याही एका शीर्षकाखाली नोंदला जात नाही. तो कोसळलेल्या विमानांत विखुरलेला असतो, कोट्यवधी रुपये खर्चून तयार केलेल्या वैमानिकांच्या अकाली मृत्यूत असतो आणि त्यांच्या घरच्यांच्या उर्वरित आयुष्यात असतो.

भोर आणि वेल्ह्याच्या लोकांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. वेळवंडी नदीवरील भाटघरच्या धरणाचा लाभ खाली पूर्वेकडे गेला. जमीन आणि गावे गेली ती वरच्या खोऱ्यातील. एरवी तेथे दिसतो तो अथांग जलाशय. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते, आणि या पाण्याखाली काय काय गेले याची त्या काही आठवड्यांपुरती आठवण होते. प्रशिक्षण विमानांवर केलेली ‘बचत’ ही अशीच आहे. वरून ती शांत आणि समृद्ध दिसते. तिच्याखाली काय बुडाले आहे ते एखाद्या अपघातानंतर चार दिवस दिसते, आणि पुन्हा पाणी चढते. ज्या खर्चाची झळ निर्णय घेणाऱ्याला लागत नाही, तो खर्च नेहमी कमी लेखला जातो, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे. पायरी गाळून वाचलेले पैसे तिजोरीत राहिले आणि त्यांची किंमत विशी-पंचविशीतल्या वैमानिकांनी चुकविली.

त्याच धरणाकडून दुसरा धडाही घेता येतो. भाटघरचे पाणी कोणी थेट उसाच्या वाफ्यात सोडीत नाही. ते धरणाच्या दारांतून नदीत, नदीतून वीरला अडून नीरेच्या डाव्या कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून दंडात आणि दंडातून सरीत उतरते. प्रत्येक टप्प्यावर त्याचा जोर शेताला सोसेल इतका आवरला जातो. मधला एक टप्पा गाळला तर पाणी तेच राहते, परंतु शेत वाहून जाते. विद्यार्थ्याला वेगाची ओळख करून देण्याची रीतही हीच असली पाहिजे. वेग त्याच्यापर्यंत पोचलाच पाहिजे. प्रश्न आहे तो टप्प्यांचा.

दुसरी बाजू

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला असा, की संथ विमानावर लागलेल्या सवयी पुढे मोडाव्या लागतात, तेव्हा आरंभापासूनच वेगवान विमान का देऊ नये? इतिहासात असे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकन हवाई दलाने १९६० च्या सुमारास प्रशिक्षण पहिल्या दिवसापासून जेट विमानांवर देण्याचे धोरण स्वीकारले होते. परंतु १९६० च्या दशकाच्या मध्यालाच त्याने सेस्ना १७२ च्या धर्तीचे छोटे विमान आरंभी पुन्हा आणले. ज्यांना हे काम जमणार नाही त्यांना महागड्या जेटवर तपासण्यापेक्षा स्वस्त विमानावर पारखणे किफायतशीर, असा तो हिशेब होता. ज्या देशाला पैशाची ददात नव्हती त्याने काढलेला हा निष्कर्ष आहे.

भारतातही नाइलाजाने असा प्रयोग घडला. प्राथमिक प्रशिक्षणाचे ‘दीपक’ अर्थात एचपीटी-३२ हे विमान जुलै २००९ मधील प्राणघातक अपघातानंतर जमिनीवर ठेवावे लागले. नवे विमान येईपर्यंत विद्यार्थ्यांना पहिला धडाच ‘किरण’ जेटवर देण्यात आला. मिग-२१ च्या काळात जिन्याची वरची पायरी गायब होती, आता खालची गायब झाली. एका पायरीची उणीव दुसऱ्या पायरीवर अधिक भार टाकून भरून काढण्याचा हा मार्ग होता, आणि आधीच वय झालेल्या ‘किरण’च्या ताफ्यावर त्यामुळे दुहेरी बोजा पडला.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. साधे विमान म्हणजे सुरक्षित विमान, असे समीकरण मांडता येते काय? मांडता येत नाही, हे ‘दीपक’च्याच उदाहरणावरून दिसते. ते साधे होते, संथ होते; परंतु त्याच्या इंजिनाविषयी तक्रारी होत्या आणि संकटप्रसंगी वैमानिकाला बाहेर फेकणारे आसन त्यात नव्हते. त्याच्या जागी २०१३ पासून आलेले स्विस बनावटीचे पिलाटस पीसी-७ हे विमान कितीतरी अधिक शक्तिमान आणि वेगवान आहे. तरी आरंभीच्या शिक्षणासाठी ते अधिक योग्य ठरले. कारण ते विद्यार्थ्याची चूक सांभाळून घेते, त्यात शिक्षकाला नीट दिसते आणि सुटकेचे आसनही आहे. अमेरिकेतील नागरी उड्डाणक्षेत्राचा अनुभव याच दिशेने जातो. तेथे व्यावसायिक परवान्याची परीक्षा चाके पोटात ओढून घेणाऱ्या आणि पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या विमानावर देण्याची सक्ती होती. अशी विमाने जुनी होत चालली होती आणि नवी फारशी बनत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये फ्लोरिडात अशाच एका प्रशिक्षण विमानाचा पंख धातूच्या थकव्यामुळे तुटून दोघांचा बळी गेला. त्याच महिन्यात तेथील नियामकाने एका इंजिनाच्या विमानावरील परीक्षेपुरती ती सक्ती काढून टाकली. गुंतागुंत शिकविण्याच्या हट्टापायी विद्यार्थ्याला जीर्ण विमानात बसविणे हे शिक्षण नव्हे.

तिसरा मुद्दा सर्वांत जुना आहे. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने प्रशिक्षणाची रीत पालटली. विद्यार्थ्याला धोक्यापासून दूर ठेवण्याऐवजी शिक्षकाच्या सोबतीने धोक्यात न्यावे आणि त्यातून बाहेर कसे पडायचे ते तेथेच दाखवावे, हे त्याचे सूत्र होते. गिरक्या घेत कोसळणारे विमान सावरण्याचा सराव त्यामुळे अभ्यासक्रमात आला. या सूत्राचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. ज्या विमानात शिक्षक पाहू शकतो, बोलू शकतो आणि वेळेवर हात घालू शकतो, ते विमान वेगवान असूनही शिकण्यास योग्य असू शकते. ज्यात या तिन्ही गोष्टी साधत नाहीत, ते संथ असूनही अयोग्य.

तात्पर्य, वेगवान की संथ, साधे की गुंतागुंतीचे, अशा जोडीतून एकाची निवड करण्याचा हा प्रश्न नाही. विद्यार्थ्याची चूक आणि तिची शिक्षा यांच्यामध्ये सुधारणेला अवकाश उरतो की नाही, ही खरी कसोटी आहे. मिग-२१ ला ही कसोटी लावण्याचे काम सव्वीस वर्षे टळत राहिले.

बारामतीचे आकाश

हा विषय सैन्यापुरता मर्यादित नाही. भाटघरचे पाणी ज्या बारामतीच्या शिवारात पोचते, तेथील विमानतळ वैमानिक-प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून ओळखला जातो. गोंदियाजवळ बिरसी येथे, धुळ्यात, नागपुरातही ही विद्या शिकविली गेली आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. एवढी विमाने चालविण्यास माणसे लागणार, म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबे घर गहाण टाकून मुलामुलींना या वाटेने पाठवू लागली आहेत. शिक्षक आणि कारकून यांची मुलेही त्यांत आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते आणि त्यातील प्रत्येक तासाचा दर पालकांच्या छातीवर बसतो.

येथे मोह दोन्ही बाजूंनी आहे. संस्थेला तास लवकर भरून हवे असतात. विद्यार्थ्याला आपण मोठ्या विमानाला लवकरात लवकर लायक ठरावे असे वाटते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांच्या आत दोन छोटी प्रशिक्षण विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबविले. ही विमाने वेगवान नव्हती, गुंतागुंतीचीही नव्हती. पायरी जागेवर असून भागत नाही, ती कुजलेली नसावी लागते, एवढाच याचा अर्थ. उलट २०० तास संथ विमानावर काढलेला नवा वैमानिक पुढे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास उतरणाऱ्या प्रवासी जेटकडे वळतो, तेव्हा मधली पायरी जमिनीवरील अनुकरणयंत्राची असते. त्या यंत्रावरील तास कमी करणे म्हणजे नागरी क्षेत्रात मिग-२१ चा इतिहास गिरविणे होय.

मग करावयाचे काय? प्रथम, लढाऊ विमानांच्या प्रत्येक खरेदीबरोबर त्याकडे नेणाऱ्या प्रशिक्षण विमानांचीही तरतूद त्याच करारात आणि त्याच वेळापत्रकात व्हावी. यातील ढिलाई अजून संपलेली नाही. ‘किरण’च्या जागी यावयाच्या स्वदेशी जेट प्रशिक्षण विमानाने पहिले उड्डाण मार्च २००३ मध्ये केले, २०२५ मध्ये त्याचे ‘यशस’ असे नामकरण झाले, तेव्हाही ते प्रशिक्षण संस्थांत दाखल झालेले नव्हते. मूलभूत शिक्षणासाठीच्या एचटीटी-४० या ७० स्वदेशी विमानांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला, ही समाधानाची बाब. परंतु करार म्हणजे विमान नव्हे. दुसरे, ‘मानवी चूक’ हा शेरा चौकशीचा शेवट न मानता आरंभ मानावा. चूक करणारा त्या विमानात त्या वेळी, तेवढ्याच तासांच्या अनुभवावर का बसविला गेला, याचे उत्तर अहवालात आलेच पाहिजे. तिसरे, नागरी उड्डाणसंस्थांनी आपल्या विमानांचे वय, देखभालीची स्थिती, शिक्षकांची संख्या आणि अपघातांची नोंद प्रवेशापूर्वी पालकांपुढे ठेवणे बंधनकारक व्हावे. महाविद्यालयात प्रवेश घेताना प्राध्यापक किती आहेत ही चौकशी करणारा पालक येथे मात्र झकपक माहितीपत्रकावर विसंबतो, ही परिस्थिती पालटली पाहिजे.

वेगाचे आकर्षण तारुण्याला असणारच. ते नसेल तर वैमानिक घडणार नाहीत. त्या आकर्षणाला आवर घालणे हे तरुणांचे काम नव्हे, ते त्यांना शिकविणाऱ्यांचे आणि त्यांच्यासाठी खरेदी करणाऱ्यांचे आहे. विद्यार्थ्याने चूक करावी हा शिक्षणाचा भाग आहे. शासनाने पायरी गाळावी आणि त्याची भरपाई विद्यार्थ्याने प्राणांनी करावी, हा व्यवहार मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही. मिग-२१ आता संग्रहालयांत जाईल. त्याने शिकविलेला धडा फाइलींत जाऊ नये.